आपले पापनाशम् : आलेली माणसे, राहिलेली माणसे



आपल्या स्मरणिकेत गावाकडचा इतिहास बहुतेक दर वर्षी असतोच. रेणावीचा रेवणसिद्ध झाला, खरसुंडीचा सिद्धनाथ झाला, बाणूरगडावरची बहिर्जी नाईकांची समाधी झाली. वाचून आनंदच होतो. पण ज्या गावात आपण भट्टी पेटवतो, ज्या गावच्या शाळेत आपली मुले शिकली, त्या पापनाशम्‌वर आजवर एक पानही आले नाही, असे मी संपादक मंडळींना म्हटले. त्यांनी ते काम लगेच माझ्याच गळ्यात टाकले. मी इतिहासाचा माणूस नव्हे, गलाईवाला आहे. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचत बसण्याची सवय आहे आणि तंजावरला गेलो की सरस्वती महालात डोकावतो, एवढेच माझे भांडवल. तेव्हा वाचकांनी गोड मानून घ्यावे.

प्रथम एक खुलासा. पापनाशम् दोन आहेत. एक तिरुनेलवेलीकडे ताम्रपर्णी नदीवर, डोंगराच्या पायथ्याशी. धबधबा आणि धरण तिथले. २०१५ साली कमल हासनचा याच नावाचा सिनेमा आला, तोही तिथलाच. तेव्हापासून गावाकडचा पाहुणा आला की पहिला प्रश्न, "धबधबा कुठाय?" आपल्याकडे धबधबा नाही, डोंगर तर नाहीच. जिकडे बघाल तिकडे भात. आपले पापनाशम् तंजावर जिल्ह्यातले, तालुक्याचे ठिकाण, तंजावर-कुंभकोणम रस्त्यावरचे आणि रेल्वेवरचे. कुंभकोणम इथून पंधराएक किलोमीटर. गावाजवळून वाहते ती कुडमुरुट्टी, कावेरीचाच फाटा. तिरुवैयारूला ज्या पाच नद्या सांगतात त्यांपैकी ही एक.

सरकारदरबारी हे खेडे नाही, 'पेरूराट्चि' म्हणजे नगरपंचायत आहे. २००१च्या जनगणनेत लोकसंख्या १६ हजारांच्या वर होती, २०११मध्ये साडेसतरा हजारांच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांत हजार-अकराशे माणसे वाढली. त्याच दहा वर्षांत तमिळनाडूची लोकसंख्या सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी वाढली, आपल्या गावाची त्याच्या निम्म्यानेही नाही. इथे पाळणे हलत नाहीत असे नव्हे. इथली पोरे मोठी झाली की तिरुप्पूर, चेन्नई, सिंगापूर, आखात अशी निघून जातात. हे आजचेच नाही, शंभर-सव्वाशे वर्षे असेच चालले आहे. ते पुढे येईलच.

गावाच्या नावाची कथा रामाची आहे. खर-दूषणांच्या वधाचा दोष घालवायला रामाने इथे १०८ शिवलिंगे पुजली, मारुतीला काशीहून लिंग आणायला धाडले, त्याला उशीर झाला, वगैरे. रामेश्वरच्या कथेशी साम्य आहे हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल. ते १०८ लिंगांचे रामलिंगस्वामींचे देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याहून जुने म्हणजे तिरुपालैत्तुरैचे पालैवननाथर देऊळ. सातव्या शतकातल्या अप्पर या शैव संतांच्या पदांत हे ठिकाण येते. चौदाशे वर्षांपूर्वी इथे वस्ती होती, देव होता आणि गाणारा माणूस येऊन गेला, एवढे तरी त्यावरून ठरते.

मला स्वतःला या देवळातली जी वस्तू सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे आपली मंडळी बघतही नाहीत. ते म्हणजे देवळाचे भाताचे कोठार. विटांचे, गोल, वर शंकूसारखे निमुळते होत गेलेले. तंजावरच्या नायक राजांच्या काळात, १६०० ते १६३४ या वर्षांत ते बांधले. तीन हजार कलम भात मावेल एवढे. कलम हे इकडचे धान्याचे माप, आपल्याकडच्या खंडी-मणासारखे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित स्मारक ठरवले आहे. त्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर मला पहिल्यांदा या गावाचा हिशेब कळला. आपल्या खानापूर-आटपाडीत कणगी असायची, ती घरातल्या कोपऱ्यात मावायची आणि चैत्र उजाडेपर्यंत रिकामी व्हायची. इथे एका देवळाला एवढे कोठार लागले, कारण भात तेवढा येत होता. माणसे इथे का आली, कोण कोण आली आणि कोणाकोणाचा डोळा या मुलखावर होता, त्याचे उत्तर त्या विटांत आहे.

डोळा असणाऱ्यांत आपणही आलोच. १६७३मध्ये मदुरैच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पाडाव केला. विजापूरकरांनी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांना इकडे पाठवले. इकडे त्यांना एकोजी म्हणतात. १६७५-७६च्या सुमारास ते स्वतःच तंजावरच्या गादीवर बसले. १६७७मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले तेव्हा दोघा भावांची भेट कोळ्ळिडम नदीपलीकडे तिरुमळवाडीस झाली. वाटणीवरून बिनसले आणि व्यंकोजीराजे रातोरात निघून आले. पुढे तह झाला, तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षे, पापनाशम्‌च्या भाताचा सारा ज्या खजिन्यात जाई त्या खजिन्याचे धनी भोसले होते. त्यातली शेवटची वर्षे मात्र नावापुरती.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आपल्या तरुण मंडळींत याबद्दल बराच उत्साह आणि थोडा गैरसमज आहे. मराठ्यांचे राज्य आले म्हणून खेडोपाडी मराठे येऊन बसले असे झाले नाही. नांगर धरणारा होता तोच राहिला. मराठी माणूस वसला तो तंजावरच्या किल्ल्यात, कुंभकोणमात, मठांच्या आणि अन्नछत्रांच्या आसऱ्याने. खेड्यात आली ती मराठी भाषा, तीही कागदावरून. जमाबंदी, देवस्थानचा खर्च, छत्रांचे हिशेब मोडीत लिहिले जात. बोलणे तमिळमध्ये, लिहिणे मोडीत. सरस्वती महालात त्या मोडी कागदांची बाडे आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातल्या निवडक कागदांचे तमिळ भाषांतर खंडरूपाने छापले. म्हणजे आपल्या पूर्वजांचा हिशेब आज इथला तमिळ माणूस वाचू शकतो आणि आपण वाचू शकत नाही! आपल्यापैकी मोडी कोणाला येते? मला येत नाही.

व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) यांनी १६९३मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर हे गाव चाळीसहून अधिक पंडितांना दान दिले आणि त्याला शहाजीराजपुरम् नाव पडले. या राजाने मराठीत नाटके लिहिली, तेलुगूत लिहिली, एक तर पाच भाषांचे एकत्र लिहिले. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले ते १८४३ साली. त्याच्या दीडशे वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटक लिहिले गेले होते. सांगली जिल्ह्याच्या माणसाला हे जरा खटकते, पण ते खरे आहे.

मधल्या राजांची नावे गाळतो. पण १७८१ हे साल गाळता येत नाही. त्या वर्षी हैदर अलीच्या फौजा कावेरीच्या खोऱ्यात शिरल्या. तंजावरचा किल्ला वगळता जवळजवळ सारा मुलूख त्याच्या हातात गेला. पिके जाळली, कालवे मोडले, गुरे हाकून नेली. फेब्रुवारी १७८२मध्ये कुंभकोणमच्या बाजूला अण्णगुडीला टिपूने इंग्रजांच्या कर्नल ब्रेथवेटची तुकडी गाठून पार मोडली. कावेरीच्या मुलखात लोकसंख्या एकदम घसरल्याची नोंद आहे ती या वर्षांची. माणसे मेली, पळाली, धरून नेली गेली. पाण्याची वाट मोडली की भात गेला, आणि भात गेला की गाव ओस. कोठार जागेवर उभे राहिले, आत घालायला काही नव्हते. मुलूख पुन्हा भरायला पुढची कित्येक वर्षे लागली.

१७९९च्या तहाने सरफोजीराजांकडे किल्ला, आसपासचा थोडा भाग आणि महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला, कारभार कंपनीकडे गेला. सरफोजींची विद्वत्ता, ग्रंथालय, औषधशाळा हे सर्वांना ठाऊक आहे. बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांनी १८०३मध्ये भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरून घेतला, तोही आपण सहलीला गेलो की मुलांना दाखवतो. १८५५मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि राज्य खालसा झाले.

मला प्रश्न पडतो तो त्यानंतरचा. राज्य गेले, मग राज्याबरोबर आलेल्या माणसांचे काय झाले? कारकून, पुराणिक, शिलेदार, शिंपी, वाड्यातली माणसे परत गेली नाहीत. परत जायला कुठे होते? पावणेदोनशे वर्षांत साताऱ्याकडचा सोयरा तुटला होता. जे शिकले होते ते इंग्रजी शिकले आणि पुढे गेले. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव (१८२८ ते १८९१) त्रावणकोरचे, इंदूरचे आणि मग बडोद्याचे दिवाण झाले. सयाजीराव महाराज लहान होते तेव्हा बडोद्याचा गाडा त्यांनीच सांभाळला. आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की ते इथले मराठी? जे फार शिकले नाहीत ते छोट्या नोकऱ्यांत, शिवणकामात, जमिनीच्या तुकड्यावर टिकून राहिले. तमिळनाडू सरकारच्या मागासवर्गीयांच्या यादीत आजही 'महरट्टा (ब्राह्मणेतर), नामदेव महरट्टांसह' अशी नोंद आहे. ती याच माणसांची.

त्यांची भाषा तुम्ही ऐकली असेल. ते तिला 'दक्षिणी मराठी' म्हणतात. तमिळ लोक त्यांच्यातल्या ब्राह्मणांना 'रायर' म्हणतात. माझ्या दुकानात कुंभकोणमचे एक वृद्ध रायर मोडीचे सोने घेऊन येत. पहिल्या दिवशी मी पोराला "पाणी आण रे" म्हटले तशी त्यांनी मान वर केली आणि मराठीत विचारले, "तुम्ही कुठले?" मी विटा सांगितले. त्यांनी विटा ऐकलेले नव्हते. मी त्यांना त्यांचे मूळ गाव विचारले, तर ते म्हणाले, "तंजावर." त्यांच्या दृष्टीने उत्तर तिथेच संपत होते. त्यांची मराठी मला निम्मी कळली, माझी त्यांना तेवढीच कळली असावी, आणि सोन्याचा भाव आम्ही शेवटी तमिळमध्ये ठरवला. नातवंडांना भाषा कळते पण बोलत नाहीत, असे त्यांनी पुढे कधीतरी सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता, पाऊस कमी झाला असे सांगावे तसे सांगितले.

तरी त्या लोकांनी इथे बरेच ठेवले आहे. तमिळ घरांतले 'गंगाळम्' म्हणजे आपले घंगाळ, 'कोसुमल्ली' म्हणजे कोशिंबीर. सांबाराची गोष्टही सांगतात. आमसूल संपले म्हणून चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून सांबार झाले म्हणे. गोष्ट झकास आहे, पुरावा कोणी दाखवलेला नाही. पुरावा आहे तो कीर्तनाचा. मोरगावकर रामचंद्रबुवा एकोणिसाव्या शतकात तंजावरला आले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी हरिकथेला नवे रूप दिले. म्हणून इकडच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग आजही नावानिशी येतात. गाणाऱ्याला मराठी येत नसली तरी चाल मराठी असते.

भाषा अशी राहण्याचे आणखी एक उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. मेलट्टूरला दर वर्षी नृसिंह जयंतीच्या सुमारास भागवतमेळा होतो. नायकांनी वसवलेले ब्राह्मणांचे गाव. मराठ्यांच्या काळात तिथल्या वेंकटराम शास्त्रींनी नाटके रचली ती तेलुगूत. आज गाव तमिळ बोलते, पण त्या रात्री देवळापुढे पुरुषच स्त्रीवेष घेऊन तेलुगूत नाटक करतात. वर्षाचे बाकीचे दिवस ती भाषा गावात ऐकू येत नाही. गेलो नसाल तर एकदा अवश्य जा, रात्र जागवावी लागते एवढेच.

आता शिरगणतीकडे वळू. इंग्रजांची पहिली जनगणना १८७१ची. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, म्हणजे आजचे नागपट्टणम, तिरुवारूर, मयिलाडुतुरै धरून, पावणेवीस लाख माणसे होती. १८९१मध्ये २२ लाख २८ हजार आणि १९०१मध्ये २२ लाख ४५ हजार. हे आकडे नीट पाहा. अख्ख्या जिल्ह्यात दहा वर्षांत १७ हजार माणसे वाढली, आजच्या एका पापनाशम्‌एवढी. नागपट्टणम बंदरातून आगबोटी भरून माणसे सिलोनच्या मळ्यांत, ब्रह्मदेशात, मलायात जात होती. भाताच्या कोठारातूनच माणसे बाहेर पडत होती, कारण भात पुष्कळ असला तरी जमीन थोड्यांची होती. जमीन नसलेल्याला कोठार काय कामाचे?

१८७०च्या दशकात रेल्वे कुंभकोणमवरून आली आणि पापनाशम्‌ला स्टेशन मिळाले. मद्रासहून दक्षिणेकडे जाणारी वाट काही दशके इथूनच होती. १९२९मध्ये विळुप्पुरम्‌हून तिरुच्चीपर्यंत सरळ जवळचा मार्ग झाला आणि मोठ्या गाड्या तिकडे वळल्या. आपल्या मार्गाला अजून 'मेन लाइन' म्हणतात. आता नावच तेवढे उरले आहे. गाव मोठे शहर झाले नाही त्याचे हे एक कारण असावे.

गावाचे नाव जगभर नेले ते पापनाशम् शिवन् यांनी. तमिळ कीर्तनांचे एवढे मोठे रचनाकार (१८९० ते १९७३), पण जन्म पोळगम् गावचा, शिक्षण तिरुवनंतपुरमला. इथे भावाकडे काही काळ राहिले, अंगाला भस्म फासून भजन करीत म्हणून लोक शिवन् म्हणू लागले, आणि गाव त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले!

आता आपण. आपला इतिहास कोणत्याही बाडात नाही म्हणून थोडा सविस्तर लिहितो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, पलीकडे माण-खटाव हा सगळा पाऊस चुकलेला पट्टा. शेतीवर पोट भरेना म्हणून सोने-चांदी गाळण्याचे काम शिकून आपली माणसे देशभर गेली. आधी गेलेल्याने मागच्याला न्यायचे, त्याने भाच्याला, त्याने मेहुण्याला. जानेवारी १९६३मध्ये सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली. १९६८मध्ये कायदा झाला. सोनारांचे हाल झाले तसे गाळणाऱ्यांचेही. तरीही १९७२च्या दुष्काळाने एवढी माणसे बाहेर ढकलली की कायदा असला तरी धंद्यात माणूस वाढतच गेला. माझे वडील १९७३ साली कुंभकोणमला आले ते दुसऱ्याच्या भट्टीवर पोऱ्या म्हणून. पगार नव्हता, जेवण आणि काम शिकणे एवढेच. १९८८मध्ये दहावी होऊन मी आलो. १९९०मध्ये सुवर्णनियंत्रणाचा कायदा रद्द झाला, तेव्हा आम्ही पापनाशम्‌ला स्वतंत्र गाळा घेतला.

पुढच्या पिढीसाठी काम काय होते तेही लिहून ठेवतो, कारण त्यांनी ते फार काळ बघितलेले नसेल. सोनार जुने दागिने, तुटके तुकडे, दुकानातली झाडलेली धूळसुद्धा घेऊन येतो. ते मुशीत टाकणखार घालून वितळवायचे. मग तेजाबात शिजवायचे. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी राहते, ते धुऊन पुन्हा आटवून लगड करायची. विरघळलेली चांदी तांब्याची पट्टी बुडवून परत मिळवायची. तेजाबाचा पिवळा धूर ज्यांच्या छातीत गेला त्या जुन्या मंडळींचा खोकला आपण सर्वांनी ऐकला आहे. लोक आपल्याला 'सेट्टु' म्हणतात. उत्तरेकडचा पैसेवाला सावकार म्हणजे सेट्टु. वडिलांच्या अंगावर तेजाबाने भोके पडलेला बनियन असायचा आणि गिऱ्हाईक हाक मारायचे सेट्टु! आई यावर फार हसायची.

भाताच्या गावात सोने गाळणारा हवाच कशाला, असे मला एकदा पुतण्याने विचारले. त्याचे उत्तर पुन्हा कोठाराकडेच जाते. सांबा भात पोंगलच्या सुमारास घरात येतो, त्यानंतर लग्ने, आणि लग्नाला सोने. आमच्या भट्टीचा हंगाम हा भाताच्या हंगामामागून महिनाभराने येतो. पाणी आले नाही तर उलटा हंगाम येतो, लोक दागिने मोडायला काढतात. मेट्टूर धरण १९३४मध्ये झाले. तिथून १२ जूनला पाणी सोडण्याचा रिवाज आहे. २०१२ ते २०१९ सलग आठ वर्षे १२ जूनला पाणी सुटले नाही. २०२०मध्ये सुटले. त्या आठ वर्षांत माझ्या मुशीत किती ताली वितळल्या, ते मी मोजलेले नाही आणि मोजणारही नाही. तमिळ बाई ताली मोडायला काढते तेव्हा ती दुकानाच्या आत येत नाही, नवऱ्याला पाठवते आणि रस्त्यापलीकडे पाठ करून उभी राहते. आमच्या आटपाडीकडच्या बायाही मंगळसूत्र मोडायला अशाच उभ्या राहत असतील. ते बघायला आम्ही तिथे नव्हतो.

१६ जून २०२१पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, पहिल्यांदा २५६ जिल्ह्यांत. मोठ्या दुकानांत मशीनवर मिनिटभरात कस दिसतो. शुद्ध सोन्याची लगड आता कारखान्यातून शिक्का मारून येते. आपल्या भट्ट्या एकेक करून बंद होत आहेत हे सांगायला नको. काहींनी दागिन्यांचे दुकान टाकले, काहींची मुले इंजिनियर होऊन चेन्नईला गेली. पलीकडे टेंभू योजनेचे पाणी आपल्या पट्ट्यात पोहोचले, बापजाद्यांच्या कुसळाच्या रानात ऊस आणि डाळिंब उभे राहिले. गंमत बघा, ज्या कारणासाठी निघालो ते कारण मिटत आले, आणि ज्यासाठी इथे राहिलो ते कामही मिटत आले. तरी परत कोण गेले? माझ्या माहितीत दोन घरे. त्यांतले एक वर्षात पुन्हा इकडे आले, मुलांना तिकडची शाळा झेपली नाही म्हणून. मुलांना मराठी वाचता येत नव्हते.

इथे मला रायरांची आठवण होते. त्यांच्या लोकांना परत न जायला पावणेदोनशे वर्षे लागली. आपल्याला पन्नास पुरली.

आता मुद्द्याचे लिहून थांबतो. २०११च्या जनगणनेत देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, तमिळनाडूत सुमारे ८५ हजार. यात तंजावरचे जुने आले, होसूर-कृष्णगिरीकडचे आले, आपण आलो. कुंभकोणमचे सौराष्ट्री विणकर यात नाहीत. लोक त्यांना आणि आपल्याला एकच समजतात, पण त्यांची भाषा वेगळी आणि संख्याही आपल्याहून बरीच मोठी. मात्र आपल्यातली कित्येक घरे यात नसणार. प्रगणक आला तेव्हा दुकानात घाई होती, पोराने दारातच 'तमिळ' सांगून मोकळे केले, असे मी स्वतः तीन-चार घरी ऐकले आहे.

२०२१ची जनगणना झालीच नाही. पुढची ठरली आहे ती १ मार्च २०२७ हा दिवस धरून. त्यात मातृभाषेचा रकाना असतो आणि त्याशिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा सांगता येतात. तमिळ तिथे अभिमानाने सांगावी, आपण ती कमावली आहे. पण मातृभाषेची सरकारी व्याख्या मी मुद्दाम शोधून वाचली. लहानपणी आईने त्या व्यक्तीशी जी भाषा बोलली ती मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. बापाच्या गावाचा, आडनावाचा, जातीच्या दाखल्याचा त्यात काही संबंध नाही.

आपल्या वस्तीतल्या आजच्या आया बहुतेक इथेच जन्मलेल्या आहेत. कुंभकोणमला, तंजावरला, तमिळ शाळांत शिकलेल्या. सासूशी मराठी बोलतात, मुलाशी तमिळ बोलतात, कारण शाळेचा अभ्यास तमिळमध्ये, शेजारची पोरे तमिळ, टीव्ही तमिळ. परवा मंडपाच्या बैठकीत एका सुनेने विचारले, "काका, मग माझ्या मुलाच्या रकान्यात खरे काय लिहायचे?" मी तिला व्याख्या वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग मांडीवरच्या पोराला म्हणाली, "चल बाळा, घरी जाऊ." मराठीत म्हणाली. पोराने तमिळमध्ये उत्तर दिले, आणि दोघे गेले.

आपल्या सर्व घरांची यादी, म्हणजे कोणते घर, मूळ गाव कोणते, पापनाशम्-कुंभकोणमला कोणत्या साली आले, पहिली भट्टी कोणत्या रस्त्यावर होती, एवढीच माहिती, मी वहीत उतरवायला घेतली आहे. आतापर्यंत एकवीस घरांची झाली. ज्यांची राहिली त्यांनी विसर्जनाच्या दिवशी मिरवणूक निघण्यापूर्वी मंडपात मला भेटावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सोबत आणावे, कारण साल त्यांनाच आठवते.